साध्या दुधाची घागर

बुलढाणा,
गुरुवार, दुपार

प्रिय बाबा,

पत्र पाहून घाबरू नका, मी बरी आहे. आत्याकडे पोटभर जेवते. जरा जास्तच जेवते, कारण व्यसन सुटायचं तर पोट भरलेलं पाहिजे असं आत्याच्या डोक्यात कुणीतरी भरवून दिलंय. फोन हातात असताना ह्या पोट्टीनं पत्र काऊन लिहिलं, असं तुमच्या मनात येईल. पण बाबा, फोन तुम्ही घेता कुठं? माझा आवाज कानावर पडला की "घे वं, पुष्पीचा हाये," म्हणून आईच्या हातात देता आणि गोठ्याकडे निघून जाता. मग आई मला तुमची खुशाली सांगते आणि तुम्हाला माझी. म्हणून हे कागद राजकुमार सरांजवळ देणार आहे. ते शनिवारी मला भेटायला इकडे येताहेत, रविवारी मोटरसायकलनं आपल्या गावात येऊन तुमच्याच हातात देतील. एक करा, पोथी वाचता तसे ओठ हलवत वाचू नका. आईचे कान तुम्हाला ठाऊक आहेत.

आधी इकडची हकीकत. केंद्र आत्याच्या घरापासून जवळच आहे. दारावर हातभर मोठ्या अक्षरांत 'व्यसनमुक्ती केंद्र' असं रंगवलंय, शेजारी फुटलेल्या बाटलीचं चित्र. दुरून आंधळ्यालाही दिसेल. मी आत शिरेपर्यंत तोंडाला स्कार्फ असा गुंडाळते की नुसते डोळे उघडे राहतात. आत्यानं गल्लीत सांगून ठेवलंय, भाची कंप्युटरच्या कोर्सला आली आहे. त्याचा ताप असा झाला की शेजारच्या काकू रोज मोबाईल घेऊन दारात हजर, "पोरी, ह्याच्यातले फोटो कुठं गेले पाय बरं." मी शोधून देते. खोटं बोललं की त्याची हमालीही करावी लागते. महिनाभर असं रोज केंद्रात जायचं, समुपदेशनाला बसायचं, शेवटी त्यांनी 'उपचार पूर्ण झाला' असं प्रमाणपत्र द्यायचं, म्हणजे माझ्यावरची बंदी उठते आणि मे महिन्यातल्या निवड चाचणीत मला पळता येतं. प्रमाणपत्र नाही मिळालं तर बंदी तीन महिन्यांची, म्हणजे चाचणी हातची गेली. सरांनी हे सगळं तुम्हाला समजावलं होतं म्हणे, पण तेव्हा तुमचं लक्ष कुठं होतं कोणास ठाऊक, म्हणून परत लिहिते.

केंद्रात आम्ही सगळे खुर्च्यांचा गोल करून बसतो. त्यात बाई मी एकटीच. प्रत्येकानं आपली गोष्ट सांगायची असते, पहिल्यांदा कधी घेतलं, कुणी दिलं, कसं वाटलं. माझी पाळी आली आणि माझ्याजवळ गोष्टच नाही! मी म्हटलं, मी कधी घेतलंच नाही. समुपदेशक मॅडम फार प्रेमळ आहेत, त्या जवळ येऊन म्हणाल्या, "नाकारणं हाच या आजाराचा पहिला भाग असतो, बेटा." घ्या! खरं बोललं तर तो आजार आणि खोटं बोललं तर ती सुधारणा. मग मी रचून सांगितलं. हॉस्टेलची गच्ची, परीक्षेचं टेन्शन, कुणाच्या तरी ओळखीतल्या कुणीतरी आणून दिलेली चिलीम. सांगताना घाम फुटला तर मॅडमना वाटलं पश्चात्ताप झाला. त्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. बाबा, पदक जिंकलं तेव्हा एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. आणि ह्या टाळ्या ऐकताना मला वाटत होतं, धरणी दुभंगावी आणि मी खुर्चीसकट आत जावं.

तिथं कचरूमामा म्हणून एक आहेत, उंद्रीकडचे. अर्धी हयात गांजा ओढण्यात गेली, आता छातीनं जवाब दिला म्हणून लेकीनं आणून बसवलंय. चहाच्या वेळी ते माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाले, "पोरी, चिलीम धरून दाखव बरं." मी बिडी धरावी तशी दोन बोटं पुढं केली. ते असे हसले की ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. "तू तं चिलीम जवळून पाह्यलीबी नाई वं! काऊन खोटं बोलून राह्यली?" मला रडूच कोसळलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी मला नीट शिकवलं, दोन्ही हातांची मूठ कशी करायची, खाली ओलं फडकं कसं गुंडाळायचं, म्हणजे बाकीच्यांना शंका नको. व्यसन सोडायला आलेला माणूस मला व्यसनाचे धडे देतोय आणि मी ते मन लावून गिरवतेय. हसावं की रडावं तुम्हीच सांगा. आता मी इतकं बेमालूम सांगते की नवीन आलेल्या मुलाला मॅडम माझंच उदाहरण देतात. एवढी लाज मला दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

तिथं बसल्या बसल्या मला आपलं पहाटेचं बेल वाटणं आठवत राहतं. तुम्ही अंघोळ करून ओल्या पंच्यानं त्रिदळं निवडून टोपलीत घालायचात आणि गावभर घरोघरी पोचवायचं काम माझं. शाळेच्या घंटेच्या आत सगळं गाव उरकायचं, मग पळल्याशिवाय कसं व्हायचं? वरच्या आळीतून निघायचं आणि पार खाली ओढ्यापर्यंत. बाया उंबऱ्यात यायच्या आत मी बेल ठेवून पुढच्या दारात. त्या मागून ओरडायच्या, "अवो माय, गुरवाची पोट्टी हाये का वारा!" सर म्हणतात, शेवटच्या फेरीतला माझा वेग उपजत आहे. उपजत कशाचा, सोनाराच्या घरचं कुत्रं मागं लागायचं! हे मी सरांना अजून सांगितलेलं नाही. तालुक्याला पहिली आले तेव्हा तुम्ही दर्शनाची माणसं उभी असताना गाभाऱ्यात जाऊन मोठ्यानं सांगितलं होतं, "महादेवा, पुष्पी पह्यली आली रे." मी खांबाआड लपले होते. तेव्हा मला त्याला लाज म्हणतात असं वाटायचं.

शिवरात्रीचं लिहायचं मी मघापासून टाळतेय, पण ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुढं सरकणार नाही. दरवर्षीसारख्या देवळाच्या ओसरीवर दोन घागरी होत्या. एक घोट्याची, बाप्यांसाठी. भांग, बदाम, खसखस, मिरं तुम्ही सकाळपासून पाट्यावर वाटत बसला होता. दुसरी साध्या दुधाची, बायांसाठी आणि लेकरांसाठी, साखर-वेलदोडा घातलेली. मी मेहकरच्या हॉस्टेलवरून निघताना सरांनी बजावलं होतं, "सणाला घरी जा, पण घोट्याच्या वाऱ्यालाही उभी राहू नको. स्पर्धेत तपासतात." मी उभी राहिले नाही. घोटा वाटत होते त्या बाजूला फिरकलेसुद्धा नाही. दिवसभराचा निरंकार उपास, घशाला कोरड पडलेली, आरतीनंतर आईनं साध्या घागरीतला पेला भरून दिला. मग आणखी एक दिला. त्याच्यावरचा मी माझ्या हातानं घेतला. त्यानंतर मी अशी झोपले की आईला सकाळी तोंडावर पाणी मारावं लागलं. आई म्हणाली, थकलं लेकरू. आपल्या गावात शिवरात्रीला सगळीच लेकरं गाढ झोपतात आणि दरवर्षी सगळ्या आया म्हणतात, जत्रेत हिंडून दमली. कुणाच्या मनात कधी काही आलं नाही. माझ्याही आलं नाही.

लगेच अकोल्याहून गाडी पकडली आणि पोचल्यावर दुसऱ्या दिवशी पंधराशे मीटरची शर्यत. अख्ख्या देशातल्या विद्यापीठांच्या मुली होत्या. माझं अंग जड होतं, पाय माझे नाहीत असं वाटत होतं, तरी शेवटच्या फेरीत मी दोघींना मागं टाकलं आणि तिसरी आले. पदक गळ्यात पडतंय तोवर एक बाई येऊन म्हणाल्या, चला, सॅम्पल द्यायचंय. हे बापाला लिहू नये, पण लिहिते. दार उघडं ठेवायचं, त्या बाई समोर उभ्या राहणार आणि त्यांच्यादेखत बाटली भरायची. लाजेनं मला होईचना. पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या प्यायले. तेव्हा वाटलं, बाईच्या जातीला याच्याहून मोठी लाज ती काय असणार. किती बावळट होते मी.

पुढं सरांना कळवलं गेलं की पुष्पांजली गुरव हिच्या लघवीत गांजाचा अंश ठरलेल्या मापाच्या वर निघाला. तुमच्या लेखी भांग वेगळी आणि गांजा वेगळा, भांग देवाची आणि गांजा वाया गेलेल्या माणसांचा. त्यांच्या यंत्राला दोन्हीचं झाड एकच. मी सरांपुढं शपथा घेतल्या. सर म्हणाले, "विश्वास आहे गं माझा, पण मग आलं कुठून?" तेव्हा मी तुम्हाला फोन केला. आपण दोघं नीट बोललो तो तोच शेवटचा फोन. मी विचारलं, बाबा, साध्या दुधात चुकून काही पडलं होतं का? तुम्ही जरासुद्धा न अडखळता म्हणालात, "चुकून कायले पडीन? टाकतोच ना मी. निवद दाखवला का घोट्यातला एक तांब्या साध्यात टाकतो. माह्या आज्यापासून टाकतेत. त्याबिगर ते निस्तं दूध झालं, प्रसाद कसा व्हईन?"

तुमचा आवाज इतका सरळ होता की मला राग यायला सवडच मिळाली नाही. देवाला दाखवलेलं आणि न दाखवलेलं एवढा एकच फरक तुम्हाला माहीत. भांग असलेलं आणि नसलेलं हा फरक तुमच्या कधी डोक्यातच आला नाही. यंदा तांब्या जरा मोठा होता का, भांग जास्त कडक होती का, देव जाणे. मी सगळं उलगडून सांगितलं. मग तुम्ही म्हणालात, "मंग मी येतो. जिथं सांगा लागते तिथं सांगतो. चूक माही हाये, पोरीची नाई." बाबा, त्या एका बोलण्यानं मी इतकी निवांत झाले, की कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. माझ्या खोलीतल्या फिजाला म्हटलं, माझे बाबा येताहेत, आता काही भ्यायचं कारण नाही.

तुम्ही आला नाहीत. मी वाट पाहिली, मग सरांनाच गावात पाठवलं. ते आले तेव्हा आई घरी नव्हती, आपल्या ओसरीवर भगवानराव बसलेले होते. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष म्हटल्यावर तुमच्याऐवजी तेच बोलले. सरांनी मला त्यांचा शब्द न् शब्द सांगितला. "सर, हे कागदावर आलं तं गावच्या समद्या लेकरायले देवळात भांग पाजली असं व्हईन. पोलिस येतीन, पेपरात येईन. ह्या गुरवाची सेवा जाईन, पिढ्यान्‌पिढ्यायची. पोरगी काय, उद्या लग्न करून निंगून जाईन. देऊळ इथंच राह्यते." मी विचारलं, आणि बाबा काय म्हणाले? सर म्हणाले, "तुझे बाबा जमिनीकडे बघत होते."

मग माझ्यापुढं दोनच वाटा उरल्या. एक म्हणजे भांडायचं, हे माझ्या नकळत पोटात गेलं असं सिद्ध करायचं. ते सिद्ध करू शकणारा माणूस जगात एकच आणि तो जमिनीकडे बघत होता. सिद्ध झालं नाही तर दोन वर्षं बंदी. दुसरी वाट म्हणजे लिहून द्यायचं, की शर्यतीच्या आधी, पळण्यासाठी नाही तर मजेसाठी, मी आपणहून गांजा घेतला. त्याला तीन महिने, आणि व्यसनाचा उपचार घेतला तर एकच महिना. बघा कसा न्याय आहे. मी खरं बोलले तर दोन वर्षं आणि खोटं बोलले तर महिना. मी सही केली. सरांनी पेन पुढं केलं तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. तुम्हाला वाचवायला केलं असा मोठेपणा मी घेणार नाही, बाबा. अर्धं तुमच्यासाठी केलं, अर्धं चाचणीसाठी. दोन वर्षांनी मी पळण्याजोगी राहीन का, हॉस्टेल राहील का, तुम्ही लोक मला घरात बसवाल का, सगळीच भीती होती.

मला वाटलं होतं हे खोटं माझ्यापुरतं राहील. तसं झालं नाही. आमच्या कॉलेजनं आता नियमच काढलाय. प्रत्येक खेळाडूनं ठरल्या दिवशी ऑफिसात नाव सांगायचं, डबी भरून आणायची, तिथल्या तिथं पट्टी बुडवून बघतात. दरवेळी पहिलं नाव फिजाचं, कारण ती माझी रूममेट. जानेफळच्या रहेमतुल्ला चाचांची लेक, तुम्ही पाहिली आहे, लांब उडी मारते. तिला खेळायला पाठवलं म्हणून चाचांनी सगळ्या मोहल्ल्याची बोलणी खाल्ली. आता तेच लोक त्यांना दुकानावर येऊन विचारतात, "तुमची पोरगी बी तपासून राह्यले म्हंते?" चाचा कपडा मापता मापता नुसतं हसतात, असं फिजा सांगते. सांगताना तीही हसते.

आणि आई काय करून गेली ते तुम्हाला तिनं सांगितलं नसेल. माझं सामान न्यायला ती हॉस्टेलवर आली, आणि सगळ्या पोरींसमोर फिजाच्या तोंडावर म्हणाली, "तूच शिकवलं माह्या पोरीले. आमच्या घरात देवाधर्माचं राज्य हाये, आमच्याकडं असलं नाई चालत." फिजाला सगळं माहीत होतं, बाबा. घागरीचं, तांब्याचं, सगळं. मी तिला तुमच्या फोनच्या दिवशीच सांगितलं होतं. एक शब्द बोलली असती तर आईचं तोंड तिथंच बंद झालं असतं. ती बोलली नाही. माझी ट्रंक उचलून तिनं एसटीपर्यंत आणून दिली, आईला खिडकीची जागा धरून दिली. आणि मी काय केलं? मी जमिनीकडे बघत उभी राहिले. तेव्हा कळलं, मी कुणाची लेक आहे ते. रागानं लिहीत नाही. खरंच तेव्हा कळलं, की जमिनीकडे बघणाऱ्याला आतून काय होत असतं.

आईवर रागावू नका आणि तिला आत्ताच काही सांगूही नका. ती बिचारी रोज त्याच महादेवापुढं माझ्यासाठी दिवा लावते. तिला काही माहीत नाही.

आता कामाचं लिहिते. येत्या सोमवारी माझी केंद्रातली शेवटची बैठक आहे. त्या दिवशी घरचं माणूस लागतं. सगळ्यांसमोर खुर्चीवर बसवून मॅडम विचारतात, तुमच्या माणसाला हे व्यसन होतं हे तुम्हाला मान्य आहे का? घरच्यानं हो म्हणायचं, पुढं लक्ष ठेवीन असं म्हणायचं, मग प्रमाणपत्र. मागच्या वेळी कचरूमामांची लेक आली होती. ती म्हणाली, "हो, माहा बाप गांजा पेत होता. पण सोडला त्यानं." मामा मान खाली घालून बसले होते, पण चेहऱ्यावर केवढं समाधान होतं! लेकीनं खरं तेच सांगितलं होतं आणि सांगायला ती एवढ्या लांबून आली होती. मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या खुर्चीशेजारी तुम्ही बसलेले मला दिसत होते. तुमचं पांढरं धोतर, कपाळावर भस्म, आणि मॅडम तुम्हाला तेच विचारताहेत.

सोमवारी सकाळच्या एसटीनं मेहकरला या, तिथून चिखलीवरून बुलढाण्याला येणारी गाडी मिळते. मी स्टँडवर असेन. आईला आणू नका, तिला न विचारताच ती उत्तरं देईल. भगवानरावांना कुठं जातो ते सांगायची गरज नाही. सांगायचंच असेल तर म्हणा, बहिणीला भेटायला चाललो.

काल मी तुम्हाला छोटं पत्र लिहिलं होतं, एका पानाचं. त्यात एवढंच होतं, की या, मॅडमनी विचारलं की हो म्हणा, अंगठा उठवल्यासारखी मुकाट सही करा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जा, माझी चाचणी वाचेल, तुमची सेवा वाचेल. लिहून झाल्यावर ते मी फाडलं, आणि आज हे एवढं लांबलचक लिहीत बसले, ते मला खरं काय हवंय ते कागदावर यायला इतका वेळ लागला म्हणून. बाबा, सगळं गाव मला गांजेकस म्हणतं ते मी ऐकून घेतलं. कॉलेजात भिंतीवरचा माझा फोटो काढला, तेही सोसलं. मी स्वतःच्या तोंडानं शंभरदा म्हटलं, की हो, मी ओढला. पण तुमच्या तोंडून ते 'हो' मला ऐकवणार नाही. मागायला फार लाज वाटते, कारण हे मागणं म्हणजे तुमचा महादेव तुमच्याकडून मागणं आहे. माझी चाचणी तर जाईलच, पुन्हा चौकशी लागेल, कदाचित दोन वर्षंही जातील, हे सगळं मला माहीत आहे. तरी सोमवारी मॅडम विचारतील तेव्हा तुम्ही 'नाही' म्हणावं, असं मला वाटतं. माझ्या पोरीनं कधी ओढला नाही, तिला मी पाजलं, एवढंच म्हणावं. आणि ते म्हणणं होणार नसेल तर येऊ नका. मी आत्याला घेऊन जाईन, ती हो म्हणेल, प्रमाणपत्र मिळेल, मी मे महिन्यात पळेन, आणि तुमच्यावर राग धरणार नाही. खरंच धरणार नाही. पण मेहकरची गाडी येईस्तोवर मी स्टँडवर उभी असेन.

तुमचीच,
पुष्पी